श्रीपतला तलावात ओढणारी जना

श्रीपत महादेवाच्या पिंडीसमोर उताणा पडला होता. डोळे सताड उघडे, बुबुळं एवढी मोठी झालेली की रंग कळेना. दात असे खात होता की चार हातांवर आवाज येत होता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. आणि मी, त्याची सख्खी बहीण, त्याच्या तोंडासमोर ताटात कापूर पेटवत होते. लोक म्हणत होते, देव आला अंगात. मीही तेच म्हणत होते. कोणी त्याच्या गळ्यात हार घातला, कोणी अंगावर घोंगडी टाकली, गुलाल उधळला, डफ वाजायला लागले. तेव्हा गर्दी फाडत तू आलीस, जना, आणि माझ्या हातातलं ताट लाथेनं उडवलंस.

जळता कापूर माझ्या लुगड्यावर पडला. मी तुला शिवी दिली. गावात बायका एकमेकींना देत नाहीत अशी शिवी. साठ वर्षं होत आली, ती मी कधी परत घेतली नाही. आज घेते.

तू मंगळवारी गेलीस. तेव्हापासून लोक येऊन तुझं चांगलं बोलतात. जिवंतपणी ज्यांना तू दारात उभं केलं नसतंस तेही बोलतात. तुझी मुलं किती, नातवंडं किती, कोणत्या साली कुठं काय झालं, ते ज्याला पाहिजे त्यानं तुझ्या घरी विचारावं. मी चौथी शिकलेली बाई. मला लेख लिहिता येत नाही. पण तुझ्याशी बोलायची सवय आहे आणि तू समोर नाहीस, म्हणून कागद घेतला.

तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला नाही. तेव्हा चांदा हा एकच जिल्हा होता. गडचिरोली वेगळी झाली नव्हती, महाराष्ट्रही व्हायचा होता. मार्कंड्याची शिवरात्रीची जत्रा उलगली, म्हणजे संपली, की आमच्या गावात शंकरपट भरायचा. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान घरात आलेलं असायचं, माणसं मोकळी असायची, दहा गावांच्या जोड्या यायच्या. तुझा नवरा डोमाभाऊ ढिवर. तलावाची मासेमारी, थोडी धानाची जमीन, आणि जीव सगळा पटाच्या जोडीवर. तुमचा हिरा नावाचा बैल असा पळायचा की लोक त्याच्या पायाची माती कपाळाला लावायचे.

आणि आमच्या घरी श्रीपत. आई-बाप नव्हते. माझा नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गेला आणि मी माहेरी परत आले, तेव्हा घरात हा एकटा होता, मिसरूड फुटायचं होतं. मीच वाढवला. तो पळायचा. शाळेत पळायचा, रानात पळायचा, चिठ्ठी देऊन पाठवला की माणूस तंबाखू मळेपर्यंत उत्तर घेऊन यायचा. पुढं पलटणीत गेला तर तिथंही पळायलाच लावलं. आणि एक दिवस पत्र आलं की देशोदेशीच्या खेळांसाठी जाणाऱ्या चमूत त्याला घेतलं आहे.

गावाला कळेना की हे कसले खेळ. तूच विचारलं होतंस, "कितीक कोस पळते गा तिथी?"

"दहा हजार मीटर, जनाबाई."

"कोसात सांग."

"तीन कोसाहून थोडं जास्त."

"तेवढ्यासाठी परदेशात? तेवढं तं मी मासोळी घेऊन बाजाराले रोज जातो!"

सगळी आळी हसली होती. तोही हसला होता.

परदेशातून तो आला तेव्हा अंगात निळा कोट होता, खिशावर देशाचं चिन्ह. नंबर काही आला नव्हता, पण कोट पाहायला लोक पार नदीपलीकडून येत होते. मला मात्र त्याचं काहीतरी बदललेलं दिसलं. झोप उडाली होती. बोलताना मध्येच थांबायचा. एक दिवस मी खोदून विचारलं तेव्हा त्यानं पेटीतून एक लहान तपकिरी बाटली काढली. आत पांढऱ्या गोळ्या, तुरीच्या दाण्याएवढ्या.

त्यानं सांगितलं ते असं. तिथं सगळ्या देशांचे खेळाडू एकाच आवारात राहायचे. पळणारे, पोहणारे, सायकलवाले. याला वाटायचं, सगळे भाकरीवर पळतात. मग पाहतो तर ज्याच्या त्याच्या पेटीत काहीतरी. एक सायकलवाला शर्यतीनंतर भिंतीला धरून उभा होता आणि त्याचे हात एवढे थरथरत होते की त्याच्या माणसानं त्याला लहान लेकरासारखं पाणी पाजलं. श्रीपतला पायात गोळा आला, तर शेजारच्या खोलीतल्या एका परदेशी धावपटूनं ही बाटली दिली. भाषा कळत नव्हती. त्यानं छातीवर हात मारून दाखवला, म्हणजे दमणार नाहीस. श्रीपतनं घेतली. तो म्हणाला, "बाई, खरंच दम लागत नाही. पाय आपले राहत नाहीत." त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मला आवडलं नाही. पण मी बाटली फेकली नाही.

वाचणाऱ्यांना खोटं वाटेल, पण तेव्हा त्या गोळीला मनाईच नव्हती. आता टीव्हीवर दाखवतात, अमक्याचं पदक काढून घेतलं, तमक्याला चार वर्षं बंदी. तेव्हा कोणी तपासत नव्हतं आणि कोणी विचारत नव्हतं. ज्याला कळलं तो दुसरीकडे पाहायचा.

तर त्या पटाला नागपूरहून एक साहेब आले होते. मालगुजारांचे, म्हणजे गावच्या जमीनदारांचे पाहुणे, पण पुढच्या परदेशी खेळांची निवड ज्यांच्या हातात होती त्यातले एक. श्रीपत रजेवर घरी होता. पंचांनी टूम काढली की बैल पळाले, आता आमचा गडी पळेल. तलावाच्या पाळीवरून सात फेऱ्या. भर दुपार, फाल्गुनाचं ऊन. साहेब खुर्चीवर बसले. श्रीपत घरी जाऊन येतो म्हणाला आणि आला तो तयार होऊन.

तो पळाला, जना. तू पाहिलंस. सातव्या फेरीला त्याला कोणी थांब म्हटलं तरी थांबेना. आठवी मारली, नववी मारली. लोक नाचत होते. मग पाळ सोडून सरळ पिंडीकडे आला, हवेत हात फिरवले, पलटणीतल्या बोलीत काहीतरी ओरडला आणि पिंडीपुढं पडला. महादेवाचा पट, महादेवाची पिंड, आणि त्यापुढं दात खात पडलेला माणूस. आमच्या लोकांना दुसरं काय सुचणार होतं? देव अंगात आला की पाणी घालत नाहीत, उठवत नाहीत. ऊब देतात, धूप देतात, वाजवतात. आम्ही सगळं व्यवस्थित केलं. त्याला मारायचं जेवढं होतं तेवढं सगळं.

तू ताट उडवलंस आणि त्याच्या अंगावरची घोंगडी ओढलीस. म्हाताऱ्या पंचांनी तुझा दंड धरला.

"देवाले पाय लावते का वं, अवदसे?"

"देव-बिव काई नाई. याच्या पोटात काईतरी गेलं हाये. सोडा, पाण्यात घाला याले!"

"तुले काय मालूम?"

तू माझ्याकडे वळलीस. "कौसे, काय खाल्लं यानं?"

साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "काई नाई."

तू माझ्या तोंडाकडे पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "हो. माह्या हिऱ्याले बी काई नाई झालं होतं. साप चावला होता त्याले."

मागच्या सालच्या पटात हिरा पहिला आला होता. झूल घालून, गुलाल लावून, वाजतगाजत त्याला गावभर फिरवलं आणि दिवस मावळायच्या आत तो मेला. डोमाभाऊनं सांगितलं, गोठ्यात साप चावला. सगळ्या गावानं हळहळ केली. आणि त्या दिवशी, दहा गावांच्या लोकांसमोर, डोमाभाऊ नव्या जोडीचा कासरा धरून दहा हातांवर उभा असताना, तू ओरडलीस.

"ऐका गा सारे! हिऱ्याले साप नाई चावला. मी चारत होती त्याले. तीन साल चारलं. दारू चारली, मुळी चारली. मले मालूम नाई तं कोणाले मालूम? असेच डोळे, असेच दात, असंच कोरडं आंग. अन् असाच गुलाल लावून तुम्ही फिरवला अन् मारला. तलावात घातला असता तं जगला असता. आता या पोट्ट्यालेबी मारता काय?"

डफ थांबला. पंचांचा हात तुझ्या दंडावरून आपोआप सुटला. मी डोमाभाऊकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. मग तू माझ्या खांद्याला हिसका दिलास, "पाय धर वं!" आणि आपण दोघींनी श्रीपतला ओढत तलावात नेलं. एकही पुरुष पुढं आला नाही. देव की चोरी, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं.

छातीएवढ्या पाण्यात तू त्याचं डोकं तुझ्या खांद्यावर घेतलंस. "नाक वर ठेव. कान बुडू दे. मानेवर पाणी मार, मानेवर." मी मारत राहिले. तो झटके देत होता. तुझ्या हाताला असा चावला की पाणी लाल झालं. तू हात सोडवला नाहीस, उलट म्हणालीस, "चाव बाबा. हिऱ्यानं शिंग मारलं होतं, त्यापेक्षा बरं." मग तिथंच मला म्हणालीस, अगदी हळू, "आता खरं सांग. डाक्तर येईन तं त्याले काय सांगू?"

मी ओल्या लुगड्यानं घरी पळाले आणि बाटली आणली.

साहेबांनी बाटली हातात घेतली, वरचं अक्षर वाचलं. रागावले नाहीत. तेच मला आजही बोचतं. म्हणाले, "या गोळ्या बाहेर सर्रास चालतात, बाई. त्यात गुन्हा काही नाही. पण गोळी घेऊन जो पडतो, त्याला पाठवून काय उपयोग?" बाटली परत माझ्या हातात दिली आणि जीपमध्ये बसून गेले. श्रीपतचं परदेशात जाणं तिथं संपलं. गोळी खाल्ली म्हणून संपलं नाही. पडला म्हणून संपलं.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दिवेलागणीला आले. नाडी पाहिली, बाटली पाहिली, तुझ्या हाताला पट्टी बांधली. विचारलं, "पाण्यात कोणी घातलं?" तू म्हणालीस, "मी. बैलावरून शिकली." ते म्हणाले, "मग बैलाचे उपकार समजा. आणखी अर्धा तास असाच पडून राहिला असता तर मला येण्याचं काम नव्हतं."

आता तुझ्या बाजूचं लिहिते, कारण तू ते कधी कोणाला सांगितलं नाहीस. पंचांनी डोमाभाऊची जोडी पटातून कायमची बाद केली. हिऱ्यापुढं ज्यांच्या जोड्या हरल्या होत्या त्या गावांनी त्याला पाहिजे ते ऐकवलं. त्यानं तुला घरातून काढलं. मारलं नाही. तू म्हणायचीस, मारलं असतं तर बरं होतं, तो फक्त म्हणाला, "माहा बैल गेला, आता माहं नाव बी घेऊन गेली तू." तू कडेवरची पोरगी घेऊन आमच्या गोठ्यात येऊन राहिलीस. चार महिने. आणि मी त्या चार महिन्यांत तुला भाकर दिली, पण धड बोलले नाही.

का नाही बोलले, ते तुला ठाऊक होतं. मला राग होता. श्रीपत घरी परत आला होता, पलटणीनं त्याला सोडलं होतं, आणि तो ओसरीवर खाटेवर पडून आढ्याकडे पाहायचा. मला वाटायचं, तू गुपचूप पाण्यात घातला असतास तर? देव म्हणून पाण्यात घातला असतास तर? सगळ्या जगापुढं बोंबलायची काय गरज होती? हे मी तुला एकदा म्हटलंही. तू धान पाखडत होतीस. सूप खाली ठेवून म्हणालीस, "गुपचूप म्हटलं असतं तं त्या बुढ्यानं माहा हात सोडला असता काय? देवाच्या वर एकच गोष्ट होती त्यांच्याजवळ, कौसे. चोरी. म्हणून मी चोरी सांगितली."

मी सूप उचलून राहिलेलं धान पाखडायला लागले. 

आणि श्रीपतला उठवलंस तेही तूच. तो म्हणायचा, गोळीशिवाय पाय उचलत नाहीत, अंग ओल्या कापसासारखं वाटतं. मी त्याला तूप देत होते, गंडे बांधत होते. तू एक दिवस गोठ्यातून आलीस आणि त्याच्या खाटेला पाय लावून म्हणालीस, "ऊठ गा, परदेशी. मासोळीची टोपली उचल."

"माह्यानं नाही होत, जनाबाई."

"पळ कोण म्हणते तुले? चाल. खुराक बंद केल्यावर बैल बी सहा महिने पळत नाई. त्याले कोणी पटात नाई नेत, नांगराले जुंपते. हळूहळू चाल. मासोळीले घाई नाई, ते मेलेलीच हाये."

तो हसला. पडल्यापासून पहिल्यांदा हसला. आणि पलटणीचा गडी डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन तुझ्या मागं बाजाराला निघाला. गावानं नावं ठेवली. आमच्या भाऊबंदांनी तर मला बोलावून विचारलं की घरची लाज कुठं ठेवली. मी म्हटलं, टोपलीखाली ठेवली आहे, येऊन पाहा. माझ्या तोंडातून तुझी बोली निघायला लागली होती, हे मला तेव्हा कळलं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी तुम्ही दोघं बाजाराला निघालात आणि ऊन एवढं होतं की मासोळी वाटेतच खराब होईल असं तुला वाटलं. तू म्हणालीस, "श्रीपत, ही काई पोचत नाई बापा." त्यानं टोपली डोक्यावर नीट केली आणि पळत सुटला. तू मागं वाटेवर उभी राहून पाहत होतीस. घरी येऊन मला सांगितलंस, "पळला वं. कोणी चारलं नाई, कोणी पाहत नोतं, तरी पळला." आणि रडलीस. मी तुला आयुष्यात दोनदा रडताना पाहिलं, त्यातलं हे एक. दुसरं डोमाभाऊ तुला न्यायला आला तेव्हाचं. त्यानं पटाची जोडी विकून नांगराची घेतली होती. तू त्याला अर्धा दिवस अंगणात बसवून ठेवलंस आणि मग गेलीस.

श्रीपत पुढं आश्रमशाळेत खेळ शिकवायला लागला. रानातली पोरं, अनवाणी पळणारी. काही जिल्ह्याला गेली, काही राज्याला. दर साली पहिल्या दिवशी तो सगळ्यांना मैदानावर बसवून बाटलीची गोष्ट सांगायचा, पिंडीपासून टोपलीपर्यंत सगळी. मला आवडायचं नाही. घरातलं उणं पोरांपुढं कशाला काढायचं? पण तुला भारी आवडायचं. "माहं नाव घेते काय रे? खरं नाव घेते? ताटाले लाथ मारली ते सांगते काय?" एकदा तर तू स्वतः जाऊन मागं बसलीस आणि मध्येच उठून चूक दुरुस्त केलीस, "दोन हातांनी नाई, एकाच हातानं धरला होता मी त्याले, दुसरा तं त्याच्या तोंडात होता!" पोरं लोळली हसून.

आपला वाद मात्र शेवटपर्यंत राहिला. अलीकडं तुझ्या नातवाच्या टीव्हीवर आपण दोघी बातम्या पाहत होतो. कुठल्या तरी देशाचे खेळाडू परदेशी खेळांतून घरी पाठवले, औषध घेतलं म्हणून. तू विचारलंस, कसं कळलं? नातू म्हणाला, लघवी तपासतात. तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. "माय वं! बैलाची तपासली असती तं डोमा फासावर गेला असता!"

मी म्हटलं, बरं केलं पाठवले ते. आपल्या हातानं तोंडात घातलं, मग भोगा.

तुझं हसू थांबलं. "चारणारा कोण होता, ते कोणी इचारलं काय?"

"बैलाचं वेगळं, जना. बैलाला कळत नाही. माणसाला कळतं."

"एकवीस सालच्या पोट्ट्याले किती कळते? पळणारा पळते. हरलं की त्याच्याकडे पाह्यते लोक. चारणाऱ्याकडे कोणी पाह्यत नाई. मी चारणारी आहो, मले इचार."

मी म्हटलं, तू बैलाचं पाप माणसाच्या गळ्यात बांधू नको. तू म्हणालीस, पाप गळ्यातलंच असते, बांधा लागत नाई. नातवानं टीव्ही बंद केला आणि चहा आणला. आपण चहा प्यालो. वाद तिथंच राहिला.

आता तुला ते सांगते जे साठ वर्षांत सांगितलं नाही.

त्या दुपारी श्रीपत घरी आला तो एक गोळी घेणार होता. मला माहीत होतं, मीच तांब्यात पाणी भरून दिलं. त्यानं एक घेतली. मी दारातून साहेबांची जीप पाहिली, पाळीवर जमलेली माणसं पाहिली, आणि मला त्याचा निळा कोट दिसला, तो पुन्हा परदेशात जाताना दिसला, मार्कंड्याच्या जत्रेत लोक मला "श्रीपतची बहीण" म्हणताना दिसले. मी म्हटलं, "एवढा मोठा माणूस पाहायला आला आहे. एकीनं होईल का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी घेतली. मी पाणी पुढं केलं. मग तिसरी.

तू पाण्यात विचारलंस, काय खाल्लं, तर मी बाटली आणली. किती, ते मी डॉक्टरांना सांगितलं. कोणाच्या म्हणण्यावरून, ते नाही सांगितलं. श्रीपतनंही कधी सांगितलं नाही. पोरांना गोष्ट सांगताना तो म्हणायचा, "मी तीन गोळ्या घेतल्या." मी. नेहमी मी. मी मैदानाच्या कडेला उभी राहून ऐकायचे.

तू मला "चारणारा कोण" म्हणून विचारत होतीस तेव्हा मी टीव्हीकडे पाहत होते. तुला ठाऊक होतं का? कधीकधी वाटतं, होतं. तू माझ्या तोंडाकडे जशी पाहायचीस त्यावरून. मग वाटतं, ठाऊक असतं तर तू गप्प बसली नसतीस. तू कधी कशावर गप्प बसलीस?

मला तुझ्यासारखं जमलं नाही. तुझ्यापुढं दहा गावं होती, नवरा होता, घर जाणार होतं. माझ्यापुढं फक्त एक साहेब होता आणि मी म्हटलं, काई नाई. तू दुसऱ्याच्या भावासाठी स्वतःचं नाव पाण्यात घातलंस. मी माझ्या भावासाठी एक वाक्य बोलू शकले नाही. म्हणून इतकी वर्षं तुझ्याशी भांडत राहिले. जिचे उपकार फिटत नाहीत तिच्याशी भांडलेलं बरं वाटतं, निदान बरोबरीनं बसता येतं.

उपकार म्हटल्यावर तू चिडशील. चीड. आता तुला उठून उत्तर देता येत नाही, तेवढा माझा फायदा. तुझ्या तोंडावर मी कधी बरं म्हटलं नाही. सणाला पुरणाची पोळी पाठवली, तुझ्या पोरीच्या लग्नात चार दिवस राबले, तुझी नजर अधू झाल्यावर तुझ्या सुईत दोरा ओवून दिला, आणि समजत राहिले की झालं, तुला कळलं. तू पोळी खाऊन म्हणायचीस, "गूळ कमी वं." बस. आपल्यात एवढंच.

परवा सकाळी श्रीपतला मी हे सगळं सांगितलं, लिहायच्या आधी. त्याची परवानगी घ्यावी म्हणून नाही, त्याला पहिल्यांदा कळावं म्हणून की मला आठवतं. त्यानं ऐकलं. मग म्हणाला, "बाई, जनाबाईला सांगायला पाहिजे होतं तू. त्या खूश झाल्या असत्या. त्यांना वाटायचं, चारणाऱ्या त्या एकट्याच आहेत." मी उठून चुलीपाशी गेले. तो बसूनच होता.

तुला नदीवर नेलं तेव्हा तो खांदेकऱ्यांच्या पुढं चालला. काठी घेतली नाही. ऐंशीचा झाला आहे, गुडघे दुखतात, पण पाऊल पडतं. रेतीत पोरांनी त्याला हात द्यायला पाहिलं तर त्यानं झटकला. मी मागं बैलगाडीत होते, मला सगळं दिसत होतं.

त्या दुपारी तलावात आपण तिघं होतो. आता श्रीपत आहे, आणि मी आहे.